गोळी कशाला, पळा की

हे मी अजून कुणापाशीच बोललो नाही. मंगलपाशीसुद्धा नाही. मंगल म्हणजे माझी बायको, जिला न कळता आमच्या लातूरच्या घरात दुधावरची सायसुद्धा हलत नाही. तिच्यापासून एखादी गोष्ट वर्षानुवर्षं लपवता येते, हे मला स्वतःलाच खरं वाटत नाही. पण येते. मनावर घेतलं की माणूस किती हुशार होतो — आणि नेमका कशासाठी होतो, बघा.

पोटापासून सुरू करतो, कारण सगळ्यात पुढं तेच होतं.

मी एका कॉलेजात हेडक्लार्क. खुर्चीतून उठताना आधी पोट उठायचं, मग मी. सासुरवाडी उमरीची. तिथं आम्ही दोन जावई. थोरले बालाजीराव, मंगलच्या मोठ्या बहिणीचे, विमलताईंचे मालक. नांदेडला हार्डवेअरचं दुकान. धाकटा मी. साडूसाडूंचं नातं तुम्हाला ठाऊक असेलच. वरून सख्खे भाऊ, आणि सासूबाई कुणाच्या ताटात तूप जास्त सोडतात इकडं डोळा. म्हणजे — बालाजीरावांच्या मनात असलं काही नव्हतं. डोळा माझाच होता. जाड ते, जाड मीही. पण ते हसायचे तेव्हा त्यांचं सगळं अंग हसायचं, आणि लोकांना ते गोड वाटायचं. माझं पोट नुसतंच पोट होतं.

त्यांना शुगर होती. जुनीच. जेवायला बसण्याआधी ते सगळ्यांदेखत गोळी घ्यायचे, सासूबाईंकडं पाणी मागून. लाज नव्हती त्याची. का असावी?

मग मी जिम लावली. उगीच नाही — कॉलेजच्या फोटोत कडेला उभा असूनही निम्मी जागा मीच व्यापली होती, ते बघून. शिकवायला अझहर म्हणून एक जण होता. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, नुसतं पळाल तर पोटाआधी हातपाय वाळतील. नुसती वजनं उचलाल तर पोट हाय तिथंच राहून वर दंड येतील. दोन्ही जोडीनं पाहिजे." म्हणून आधी वजनं, दम खायच्या आत मशीनच्या पट्ट्यावर पळणं, मधेच दोरीउड्या. माझ्या दोरीउड्या सुरू झाल्या की खालच्या मजल्यावरच्या शिकवणीतली पोरं वर बघायची, असं ऐकून आहे. पंखा हलायचा म्हणे.

बरेच दिवस काहीच झालं नाही. पोट जणू माझ्याबरोबर व्यायाम बघायला यायचं. आणि मग — एकाएकी मी उतरायला लागलो. पँटी ढिल्या, गाल आत. तहान मात्र फार लागायची. मी म्हणालो, घाम गाळतोय, लागणारच. ऑफिसात लोक म्हणायचे, "काय साहेब, गायब होऊन राहिले." मी छाती फुगवायचो. केवढा आनंद होता तो!

एक दिवस वजन ठेवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. डॉक्टरकडं गेलो, एकटाच. त्यांनी रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं — जिम चांगली आहे, सोडू नका. पण तुम्हाला वितळवलं ते जिमनं नाही, शुगरनं. गोळी सुरू करा, ती चुकवू नका.

मी गोळी सुरू केली. घरी नाही, ऑफिसात. आणि खरं सांगतो, त्यानंतरच माझं अंग भरलं. खांदे दिसायला लागले, दम पुरायला लागला. म्हणजे ती तिपाई होती. एक पाय वजनांचा, एक पळण्याचा, एक गोळीचा. मी जगाला दोनच पाय दाखवत हिंडलो.

का? कौतुक सुटत नव्हतं म्हणून? हो, तेही. पण ते एवढंच असतं तर मी हे हसत सांगितलं असतं. आत दुसरंच होतं. शुगर बालाजीरावांची होती. जाडपणात ते माझ्यापेक्षा गोड, माणुसकीत मोठे, दुकानात भरभराटीचे. एकच गोष्ट अशी मिळाली होती की जिच्यात मी त्यांच्या वर होतो — मी निरोगी आणि ते आजारी. ती मी कशी सोडू?

मग अधिकाचा महिना आला. आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावयांना बोलावून जेवू घालतात, पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि अंगावर नवे कपडे. उमरीला आम्ही दोघं पाटावर शेजारी शेजारी. सासूबाईंनी माझा शर्ट जुन्या मापानं शिवून ठेवलेला. तो अंगावर असा लोंबला की सगळं घर हसलं — कौतुकानं. सगळ्यात मोठ्यानं बालाजीरावच हसले. मग जरा जवळ सरकून हळू म्हणाले, "साडूभाऊ, एवढं एकदम उतरलं. शुगर-बिगर तपासली का?"

बघा, मायेनं विचारत होते. त्या वाटेवरून ते गेलेले होते, म्हणून विचारत होते. आणि कसे विचारत होते? दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं. मला नुसतं 'हाव', म्हणजे हो, एवढंच म्हणायचं होतं. एवढा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल.

मी मोठ्यानं म्हणालो, "आपल्याला काय झालंय?"

आणि पुरावा म्हणून धोंडा खाल्ला. वर आणखी एक मागून घेतला. आजार लपवायला कुणी पुरण खातं का? आम्ही जावई खातो.

ते तेवढ्यात खिशातून गोळीचं पाकीट काढत होते. माझ्यापुढं ताट, माझ्याकडं सगळ्यांच्या नजरा, मला चेव आला. म्हणालो, "गोळी कशाला, पळा की. पळायचं आणि वजनं उचलायची, दोन्ही जोडीनं. शरीर आपोआप जागेवर येतं. मला बघा."

त्यांनी मला बघितलं. अगदी नीट बघितलं. आणि पाकीट परत खिशात ठेवलं.

ते मी पाहिलं. इथं मी पळवाट काढू शकत नाही — मला दिसलं होतं.

नांदेडला जाऊन त्यांनी खरंच जिम लावली. फोन करायचे, आधी काय करायचं, मग काय, विचारायचे. आणि मी गुरुजी होऊन सांगायचो. एकदा उत्साहात म्हणाले, "गोळी बंदच केली. तुमच्यासारखं व्हायचं ठरवलंय." तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? फोनवर तर कुणाचं तोंडही दिसत नाही. मी म्हणालो, दमानं घ्या, सवय होईल.

जुन्या शुगरवाल्याच्या तळपायाला दुखलेलं कळत नाही म्हणतात. त्यांना कळलं नाही. नवा बूट चावला, फोड आला, फुटला, ते पळतच राहिले. मोजा काढल्यावर विमलताईंना रक्त दिसलं. जखम भरेना, चिघळली, वर चढली. शेवटी दोन बोटं काढली.

आम्ही भेटायला गेलो. विमलताई डबा घेऊन खाटेशेजारी उभ्या होत्या. कॉलेज सोडून एवढ्या लांब आलात म्हणून माझे आभार मानले. बालाजीराव वाळले होते. माझा हात धरून म्हणाले, "तुमच्यासारखी जिद्द न्हाई माझ्यात, साडूभाऊ. मधी पळणं चुकलं दोन-चार येळा. तिथंच बिघडलं."

माझी माफी मागत होते ते. माझी.

मी त्यांचा हात थोपटला. परतताना बसमध्ये, अहमदपूर मागं पडल्यावर, मंगल म्हणाली, "भाऊजींनी तुमच्यासारखं नेमानं केलं असतं तर ही येळ आली नसती." मी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणालो. त्या 'हं'नं मी किती खाली गेलो, हे मोजायला कुठलं वजन नाही.

आता ते काठी घेऊन दुकानात बसतात. मी अजूनही जिमला जातो. दंड चांगले आहेत. लग्नकार्यात लोक पोरांना माझ्याकडं पाठवतात, काकांना विचार म्हणून. मी सांगतो — वजनं आणि पळणं, जोडीनं. आरशापुढं उभा राहिलो की खांदे दिसतात, आणि त्या खांद्यांची मला किळस येते. तरी शर्ट मापाचाच घालतो.

परवा त्यांचा फोन आला होता. डॉक्टरांनी आता सुई घ्यायला सांगितलीय, इन्सुलिनची. ते अडून बसलेत. म्हणाले, पळता येत नसलं तरी खुर्चीत बसून वजनं करीन, पण सुई नको. मी म्हणालो, घ्या सुई, डॉक्टरांचं ऐका. जीव तोडून म्हणालो. पहिल्यांदाच खरं बोलत होतो.

ते म्हणाले, "तुम्ही तर कदी गोळीबी घेतली न्हाई. मंग मला काहून सांगून राहिले?"

त्यांना पटेल असं एकच वाक्य जगात होतं. ते माझ्याकडं होतं, तोंडात आलं होतं. विमलताईंची पाठीमागं भांड्यांची आवराआवर ऐकू येत होती.

मी म्हणालो, "माझी गोष्ट वेगळी आहे."

"हाव," ते म्हणाले, "तुमची गोष्टच येगळी." आणि हसून फोन ठेवला.

वेगळी नाही. अगदी तीच आहे. त्यांनी सुई घेतली की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.