सरसोंच्या तेलावर तिघऱ्यापर्यंत

सकाळी आठला हरिशंकरपुरमच्या घरातून सायकली बाहेर काढल्या तेव्हा ग्वाल्हेरचा किल्ला जागेवर नव्हता. धुक्याने त्याची अख्खी टेकडी पुसून टाकली होती, आणि वर तटाची एक रेघ तेवढी हवेत राहिली होती. आमच्या साताऱ्यालाही डोंगर धुक्यात जातात, पण इथलं जानेवारीचं धुकं फार निवांत. दुपारपर्यंत त्याला कुठे जायचंच नसतं.

माझी मावशी लग्न होऊन या शहरात आली, त्यामुळे तिचा मुलगा मुकुंददादा जन्मापासून इथलाच. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्याने जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची सायकल घेतली आणि तिला जीव लावला. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांत काचबिंदू निघाला, कडेचं दिसणं कमी होत चाललं. तेव्हापासून ती सायकल हा घरातला भांडणाचा विषय. शेवटी सुनंदावहिनीने अट घातली होती, ‘तिघऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन नीट परत आलात तर सायकल राहील. नाही तर ती कुणाला तरी देऊन टाकायची.’ निघताना तिने मला बाजूला घेतलं.

“मंजू, तू सोबत आहेस म्हणून मी हो म्हटलं. परत आल्यावर मला सच सांगायचं.”

मी मोठ्या तोऱ्यात मान हलवली. दादाच्या मुलाची जुनी सायकल माझ्या वाट्याला आली होती. ती कुरकुरत होती, पण बिचारी चालत होती.

पहिला थांबा नया बाज़ारात, बेढईसाठी (डाळ भरलेली जाड पुरी, सोबत झणझणीत बटाट्याची भाजी). खाऊन निघालो आणि दहा पावलांवर दादाची साखळी घसरली. वाकून बसवली, पुन्हा घसरली. हाताला जो वास आला तो सायकलीचा नव्हता, लोणच्याच्या बरणीचा होता.

“दादा, साखळीला काय घातलंस?”

“सरसोंचं तेल (मोहरीचं). अगं, इथे सगळ्याच चीजांना तेच लागतं. बाळाची मालिश, दाराच्या कड्या, माझे गुडघे. साखळीने काय पाप केलंय?”

शहराच्या टोकाला एक पंक्चरवाला भेटला. त्याने साखळीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि दादाकडे दयेने पाहिलं.

“बाबूजी, ये साइकिल है, कढ़ाई थोड़े ही है.”

त्याने रॉकेलमध्ये चिंधी बुडवून साखळी पुसली, पण चिकटलेली धूळ काही पुरती निघेना. दादा मात्र खूश. सगळा दोष तेलाचा ठरला होता ना!

पुढे डांबर सोडून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. दोन्हीकडे मोहरी फुललेली. धुक्यातून तो पिवळा रंग असा यायचा की शेत कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते समजत नव्हतं. चाकांचा आवाजही मऊ झाला होता. आपण पुढे चाललो आहोत की शेतंच मागे सरकत आहेत, असं वाटण्याइतकी मी गुंगले होते. तेवढ्यात मागे खाडकन आवाज झाला. उजव्या कडेच्या दगडावर दादाचा गिअर आपटून आत वाकला होता. हातानेच ओढून सरळ केला. थोड्या वेळाने पुन्हा दगड, पुन्हा उजवीकडचाच, आणि यावेळी पंक्चर. ठिगळ लावून झालं तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि माझी पाठ तापली होती.

“सायकलच बेकार निघाली,” दादा म्हणाला. मग आभाळाकडे तोंड करून त्याने विचारलं, “धुकं अजून उठलं नाही, ना?”

धुकं उठून तास झाला होता.

मग मी एक लबाडी केली. त्याला पुढे जायला सांगायच्या ऐवजी मी पुढे झाले, आणि वाट चांगली सरळ असताना मुद्दाम कडेच्या गवतात शिरले. दादा माझ्या मागोमाग गवतात आला. तो वाट बघत नव्हता, माझी पाठ बघत होता. मी चार हात लांब गेले की दगड त्याला सापडायचे. मला स्वतःचीच लाज वाटली आणि रडूही आलं.

धरण हाकेच्या अंतरावर असताना साखळी तुटलीच. सायकली ढकलत आम्ही पाण्याशी पोहोचलो. पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडच्या टेकड्या उलट्या टांगून वाळत घातल्यासारख्या दिसत होत्या. दादा काठावर बसला आणि मान डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवू लागला. एक-एक तुकडा बघून तो सगळं तळं जुळवत होता. मी गजक (तिळाची कुरकुरीत वडी) त्याच्या हातात दिली. त्या शांततेत मला घरी जाऊच नये असं वाटलं.

परतीला एका टेम्पोवाल्याने सायकलींसकट आम्हाला घेतलं. फाटकात वहिनी उभीच होती.

“चेन तुटली,” दादाने घाईने सुरुवात केली. “नवी टाकली की बस, एकदम बढिया. पुढच्या हफ्त्यात पुन्हा जातो.”

वहिनीने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. “मंजू?”

एरवी माझी जीभ कुणाचं ऐकत नाही. तेव्हा मात्र तीन शब्द जुळवायला वेळ लागला.

“दोष सायकलचा नव्हता.”

दादा आत गेला. सायकल दुसऱ्या दिवशी गेली, आणि दोन दिवस तो माझ्याशी पाहुणीशी बोलावं तसं बोलला. मी खरं सांगितलं होतं, पण सुख वाटत नव्हतं. साताऱ्याच्या माणसांना सांगण्यासारखं मी पुष्कळ पाहिलं होतं, आणि मनात मात्र ते तीन शब्दच घेऊन निघाले होते.

स्टेशनवर दोघंही सोडायला आली. गाडी सुटायच्या बेतात असताना दादा खिडकीशी आला.

“तू गवतात का शिरलीस, ते मला तिथेच समझलं होतं.”

“मग मागे का आलास?”

“घरात मला सांगता येत नव्हतं, मंजू. म्हटलं, तुला तरी कळू दे.”

गाडी हलली. मी हात हलवत राहिले. दादाही हसून हात हलवत होता, दुसऱ्याच खिडकीकडे बघून. वहिनीने हळूच त्याचा दंड धरला आणि त्याला माझ्याकडे वळवलं.