बोरसे मॅडमचा आजारी तुकडा

बोरसे मॅडम मेलेली पऱ्हाटी गोळा करायच्या. मालेगावच्या बाजूला कुणाच्या शेतात कपाशीला मर लागली, झाडं उभ्याउभी वाळली, की आम्ही ती जाळायचो. या बाई ती पोत्यात भरून आणायच्या, बारीक तोडून सरकारी शेतातल्या एका तुकड्यात गाडायच्या आणि वर तिथंच कपाशी लावायच्या. मी तिथं रोजानं होते. मला वाटलं, शिकून शिकून डोकं फिरलंय.

"मावशी, इथं रोग हवाच," त्या म्हणायच्या. "यातून वाचेल त्याचीच सरकी बियाण्याला धरायची. मरेल त्याला मरू द्यायचं."

बोलायला तिखट. खुरपताना गप्पा ऐकल्या की, "तोंडानं खुरपता का गं?" पण दुपारी आमच्यातच बसायच्या, माझ्या भाकरीचा तुकडा न विचारता मोडायच्या आणि वर ठेच्यात मीठ कमी म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत अख्खा तुकडा वाळला. एकच झाड हिरवं राहिलं. मॅडम रोज आल्या आल्या त्याच्याकडे जायच्या. पुण्याचे मोठे साहेब ते बघायला येणार असं ठरलं, आणि मला अन्न गोड लागेना. श्रावणात त्या झाडानं मान टाकली होती, तेव्हा मिरचीवर फवारून उरलेलं निळं औषध मीच त्याच्या बुडाशी ओतलं होतं. दोनदा. दया वगैरे काही नाही. जन्मभर कपाशी जगवलेली, हात गप्प बसले नाहीत.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सांगून टाकलं.

"मॅडम, ते झाड खोटं हाय. मी औषध घातलं त्याला."

"कधी?"

"श्रावणात. कामावरून काढायचं तर काढा."

त्यांनी झाड उपटलं, खोड चाकूनं उभं चिरलं. आत काळपट रेघ होती. रोग शिरलेलाच होता. त्यांनी चाकू पुसून ठेवला. मग म्हणाल्या, "साहेबांना मी सांगते. तुम्ही उद्या वेळेवर या."

तेव्हापासून जगलेल्या झाडाची नोंद मला विचारल्याशिवाय झाली नाही. "बघा मावशी, खरं का खोटं?" मी सांगेन ते वहीत. पाच-सहा वर्षांनी खरं झाड निघालं, त्याचं वाण झालं. तोवर दुकानात पाकिटातलं नवं बियाणं आलं होतं.

मॅडम निवृत्त होऊन नाशिकला गेल्या. पुढं मोठं दुखणं लागलं. मी दवाखान्यात गेले तर हाताची नुसती काडी. उशाशी बहीण बसलेली.

"आपली कपाशी कुणी लावतं का हो?" मॅडमनी विचारलं.

बहिणीनं मला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा.

"नाय लावत," मी म्हटलं. "सगळे पाकीट आणतात."

"तुम्ही?"

"दोन ओळी लावते. मर लागते त्या कोपऱ्यात."

"जगतात?"

"जगतात."

"तुम्ही म्हणता म्हणजे जगतात," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. चौथ्या दिवशी गेल्या.