मागून भरायच्या बंदुका आणि आम्ही तिघं

बंदुकीला परवाना लागतो, किश्श्याला लागत नाही. त्यामुळं आमच्याकडं बंदुका मोजक्याच राहिल्या आणि किस्से मात्र वाढत गेले.

आम्ही तिघं. शिरूरच्या शाळेत इतिहास शिकवणारे कांबळे सर. खुटबावचे आप्पा, पलटणीत बंदुका दुरुस्त करता करता रिटायर झालेले. आणि कारेगावच्या कंपनीत ड्रॉइंग काढणारा मी. नाद एकच, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या, मागून काडतूस घालायच्या पहिल्या-पहिल्या लष्करी रायफली. त्यातली एकही पुरती कळली, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

*

निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते. सरांची स्नायडर जातीची रायफल घेऊन गेलो. ठाणे अंमलदारानं विचारलं, "ही पुढनं भरायची का मागनं?"

"मागून. हे झाकण उघडायचं, काडतूस सारायचं."

"मग नळीखाली हा गज कशाला? गज तर पुढनं ठासायला आसतो."

"तो नळी पुसायला."

त्यांनी बंदूक दोन्ही टोकांनी न्याहाळली. शेवटी पावती लिहून दिली : "दोन्हीकडनं भरायची बंदूक. नग एक."

*

पुढच्या निवडणुकीपर्यंत माझीही एक स्नायडर झाली होती. माझ्या झाकणाला खिट्टी, सरांच्या झाकणाला नाही, फरक तेवढाच. निकालानंतर दोन्ही अदलाबदल होऊन परत आल्या. बदलून घ्यायला गेलो, तर ठाण्यातल्या साहेबांनी दोघांचे परवाने शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हीवर नंबर एकच! कुणा कारकुनानं बंदुकीवर कोरलेलं सालच नंबर म्हणून उतरवलेलं, आणि दोन्ही बंदुका एकाच सालच्या!

"बंदूक एक, मालक दोन," साहेब म्हणाले. "मग ही दुसरी कोणाची?"

सरांना एकच धास्ती. नोकरी जाते की काय! दोन आठवडे हेलपाटे घातले, तेव्हा कुठं परवाने दुरुस्त झाले आणि बंदुका हातात पडल्या. कचेरीतून बाहेर पडल्यावर सर हळूच म्हणाले, "पण आत्ता माझ्या हातात कोणती आहे?"

*

एकदा मार्टिनी म्हणून एक रायफल घेतली. मार्टिनीचं सोपं असतं. खालचा लिव्हर दाबला की मागचा ठोकळा उतरतो आणि काडतुसाला वाट होते. आप्पांनी हौसेनं ती खोलली. आत भलतीच स्प्रिंग, भलतेच खिळे! आठ दिवस ती परत जुळेना.

"बाहेरनं मार्टिनी, आन् आत कायतरी येगळंच!" आप्पा वैतागले.

त्यांच्या मंडळी आतून म्हणाल्या, "मंग आपल्या थोरल्या जावयावानी हाय म्हणा की!"

ती रायफल निघाली नेपाळात घडवलेली. तिच्यावर देवनागरी आकडे होते, त्यावरून मराठ्यांची बंदूक सापडल्याचा बोभाटा झाला. एक जण तर नारळ घेऊन आला. सरांनी त्याला समजावलं, "अहो, पेशवाई बुडाल्यावर साठ-सत्तर वर्षांनी ही बनली."

"व्हय, पण ऑर्डर आधीच दिली आसंल!"

*

इनामगावात उत्खनन झाल्यापासून नदीकाठी काही सापडलं की लोक म्हणणार, तीन हजार वर्षांपूर्वीचं. तिथून निरोप आला, बंदूक सापडली! गेलो. गंजलेली नळी, मागं झाकणासारखं काहीतरी. आप्पांनी अर्धा तास उलटीपालटी केली. "हे मॉडेल आपल्या पुस्तकात न्हाई." मी चित्र काढायला बसलो. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई आल्या, "अवो, आमच्या फवारणी पंपाची नळी कुठं घिऊन चाललाय?"

*

सरांच्या घरी भिंतीवर एक फोटो होता. पलटणीच्या ड्रेसमधले त्यांचे पणजोबा, हातात रायफल. सरांना हा नाद लागला तो या फोटोपायीच. पण ती स्नायडर की मार्टिनी, हे काही ठरेना; नेमका तिथंच फोटोवर डाग. एका रविवारी सरांनी फोटो उतरवून मांडीवर घेतला. आप्पांनी भिंग लावलं.

"लिव्हर हाय."

"बोट आहे ते," मी म्हणालो.

"एवढं लांब बोट?"

सरांच्या आई चहा घेऊन आल्या. "काय हुडकताय?"

"आई, पणजोबांच्या हातात कोणती बंदूक आहे, ते बघतोय."

"ते कुठं आपले?" आई म्हणाल्या. "तुझ्या आज्ज्यानं जुन्या बाजारातनं आनला व्हता हा फोटो. म्हनले, माझा बा आसाच दिसायचा."

आप्पांनी भिंग खाली ठेवलं. सरांनी फोटो बाहीनं पुसून आप्पांपुढं सरकवला.

मग म्हणाले, "आप्पा, पण लिव्हर आहे का नाही, तेवढं बघा."