चारही बोलून राह्यले

आमच्या मोताळ्यातल्या भाऊंची लष्करी लिलावातली जुनी जीप धावायची कमी आणि बॉनेट उघडून उभी जास्त असायची. घरची शेती मोठी, पण सगळा जीव त्या इंजिनात. बोलता बोलता मध्येच बोट वर करून ते म्हणायचे, "थांब, आयक!" आणि रस्त्यावरून गेलेल्या गाडीचं दुखणं सांगायचे. जीप हलकी व्हावी म्हणून त्यांनी टप काढला, मागची बाकं काढली, शेवटी आरसासुद्धा काढला. "मांगं पाहाचं कायले?"

त्या वर्षी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट संपल्यावर त्याच पट्टीवर दोन जीपची शर्यत ठरली. एक त्यांची, दुसरी वडनेरच्या पाटलांची. मी त्यांच्या शेजारी दांडा घट्ट धरून बसलो. लोक शिट्ट्या मारत होते. निशाण वर गेलं, तेवढ्यात यांचं बोट वर झालं.

"थांबा बे! त्याहीची गाडी चारपैकी तीनच सिलिंडरवर चालून राह्यली."

"मंग बरंच झालं ना, भाऊ!" मी ओरडलो.

"काऊन? आजारी बैल पटात पयवते का कोणी?"

उडी मारून त्यांनी पाटलांच्या जीपचं बॉनेट उघडलं, मेलेला प्लग उपटला आणि स्वतःसाठी जपलेला नवाकोरा प्लग तिथे बसवला.

शर्यत सुटली. धुळीत काही दिसेना. बैलाच्या शिंगाएवढ्या अंतरानं आम्ही हरलो.

मी तोंड पाडून बसलो. ते मात्र सीटवर उभे राहून, पुढच्या जीपकडे हात करून नाचत होते.

"आयकलं का बे? चारही बोलून राह्यले!"