साहेबांचा दाब, ऑपरेटरचा दोष

"ह्याला मी आजच घरी पाठवतोय. तुम्ही फक्त रिपोर्ट द्या, की मेम्ब्रेन ह्याने नीट धुतली नाही."

मुरबाडच्या एका डेअरीचे प्लँट मॅनेजर मला हे गेटवरच सांगत होते. मी मेम्ब्रेन पुरवणाऱ्या कंपनीची सर्व्हिस इंजिनियर. 'हा' म्हणजे टोकावड्याचा ऑपरेटर जनार्दन, शेजारीच मान खाली घालून उभा. डोकंच सणकलं माझं. अजून मशीनचं तोंडही पाहिलं नव्हतं मी!

पनीर काढल्यावर हिरवट पाणी उरतं. त्यात प्रोटीन असतं. मेम्ब्रेन म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांची चाळणी. पाणी पलीकडे जातं, प्रोटीन अलीकडे राहतं. हळूहळू त्याचा थर बसतो, भोकं बुजतात, पाणी कमी येतं. ह्याला आम्ही फाउलिंग म्हणतो. वेळच्या वेळी धुतलं की बरंचसं निघतं.

"धूत नव्हतास का रे?" मी जनार्दनला विचारलं.

"रोज धुवायचो मॅडम. लग्नसराई लागली तसे साहेब बोलले, मशीन बंद करायला टाइम नाय, दाब वाढव. आमी नाय कसं बोलनार?"

"मग चुकलं काय?" साहेब उसळले. "फ्लो कमी झाला की प्रेशर वाढवायचं, कॉमन सेन्स आहे. पलीकडचं पाणी तर उलट जास्त स्वच्छ येत होतं!"

येणारच ना! प्रोटीनचा थरच दुसरी चाळणी झाला होता, बारीकसारीकही अडवत होता. हे रोगाचं लक्षण, आणि साहेब त्याची फुशारकी मारत होते. फडक्यातून गाळताना वरून जोरात दाबलं की गाळ विणीत रुततो. इथे तेच झालं होतं.

मेम्ब्रेन उघडली तर आत पिवळट, चिकट साय. पुन्हा पुन्हा धुतली. फ्लो वाढत मूळच्या निम्म्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. उरलेलं कायमचं रुतलं होतं.

रिपोर्टात लिहिलं: मॅनेजरच्या सांगण्यावरून धुणं बंद, प्रेशर जास्त.

"मॅनेजर हा शब्द काढा," साहेब म्हणाले.

"नाही काढणार."

त्यांनी तिथूनच माझ्या बॉसला फोन लावला. बॉस मला म्हणाले, "कस्टमर आहे, जरा सांभाळून घ्या."

"कुणाला सांभाळू सर? नोकरी जनार्दनची जातेय!"

रिपोर्टात 'मॅनेजर' हा शब्द राहिला. जनार्दनची नोकरीही राहिली. नवी मेम्ब्रेन बसवायला गेले तेव्हा मशीनवर चकचकीत बोर्ड होता: 'ऑपरेटरने परवानगीशिवाय प्रेशर वाढवू नये.' खाली साहेबांची सही. तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हापासून कुठल्याही प्लँटमध्ये गेले की मी आधी एवढंच विचारते, दाब वाढवायला सांगितलं कुणी?