बारा मनगटांवरचा शिक्का

खैरुन शेखला प्रश्न विचारायची खोड होती, आणि सरकारी नोकरीत ही खोड दम्यापेक्षा वाईट. भद्रावतीत तिचे अब्बा घड्याळं दुरुस्त करत. लहानपणी तिनं एकदा गिऱ्हाइकाचं चांगलं चालतं घड्याळ उघडून ठेवलं होतं, ते कशानं चालतं हे बघायला. मार खाल्ला, पण बघून घेतलं. पुढे ती नर्स झाली, मुलचेऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात लागली, नईमशी लग्न झालं, दोन लेकरं झाली. खोड काही गेली नाही. औषधाच्या खोक्यावर 'थंड जागी ठेवा' लिहिलेलं असताना ते भर उन्हात जीपच्या टपावरून का येतं, हे तिनं तीन साहेबांना विचारलं. तिघांनीही तिची बदली मागितली, आणि त्या जंगलात दुसरं कोणी यायला तयार नसल्यामुळे ती राहिली.

कोसमघाटची जत्रा माघ पौर्णिमेला भरते. तलावाच्या काठी, तीन दिवस. चौऱ्याण्णव साली तिथं वरून हुकूम आला. आदल्या पावसाळ्यात दोन गावांत हैजा झाला होता, म्हणून टोचून घेतल्याशिवाय कोणालाही जत्रेत सोडायचं नाही. चारी बाजूंनी दोरी बांधली, एक फाटक ठेवलं, फाटकाशी टेबल मांडलं. टेबलावर स्टोव्ह, स्टोव्हवर सुया उकळायचं पातेलं, आणि पातेल्यामागं खैरुन. टोचलं की नाव रजिस्टरात लिहायचं आणि मनगटावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारायचा.

हुकुमाखाली सूट कोणाला ते दिलं होतं. वर्षाखालची लेकरं, गरोदर बाया, ताप असलेले, डॉक्टरची चिठ्ठी असलेले हृदयरोगी, आणि वर्षाच्या आत टोचल्याची खूण असलेले.

खैरुननं यादी वाचली आणि तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, ज्याला ताप आहे त्याला न टोचता आत सोडायचं, आणि जो धडधाकट आहे त्याला अडवायचं?"

"तापात टोचता येत नाही, बाई."

"टोचायचं नाई हे समजलं. पण आत काऊन सोडायचं?"

डॉक्टर जीपमध्ये बसले.

पहिल्या दिवशी चारशे दंड टोचून झाले. त्यांत एक चंदाबाईचा. चंदाबाई ढिवरटोलीची. पहाटे तलावात जाळं टाकायचं, झिंगे काढायचे आणि जत्रेतल्या मोहाच्या झाडाखाली बसून ते तळून विकायचे, हा तिच्या सासूच्या वेळपासूनचा शिरस्ता. म्हणजे तिला रोज दोरीबाहेर जावं लागे आणि रोज परत आत यावं लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओली टोपली घेऊन फाटकाशी आली, तेव्हा मनगट कोरं होतं.

"शिक्का पाण्यात गेला, नर्सबाई. काल तुमीच मारला."

"शिक्का पाण्यात जात नाई. पक्की शाई आहे. सगळे हेच सांगतात. खोटं नको बोलू, दंड दे."

शाई खरंच जाते का, हा तेवढा एक प्रश्न दिवसभर प्रश्न विचारणाऱ्या बाईनं विचारला नाही, रजिस्टरही मागं चाळलं नाही. मागं रांग होती, उन्ह चढत होतं, आणि खरंच सकाळपासून वीस जणांनी तसंच सांगितलं होतं. चंदाबाईनं दुसरा दंड पुढे केला.

तिसऱ्या दिवशी मोहाखाली चंदाबाई नव्हती. खैरुन शोधत गेली, तर ती एका खासराखाली, म्हणजे तिथल्या हलक्या बैलगाडीखाली, तापानं फणफणत पडलेली. दोन्ही दंड सुजून टम्म. शेजारी टोपलीत झिंगे सडलेले, आणि लेक दामिनी पळसाच्या पानानं वारा घालते आहे. चंदाबाईनं डोळे उघडले.

"आता तिसरी कुठी देता, नर्सबाई? पायात?"

घरी येऊन खैरुननं स्वतःच्या मनगटावर शिक्का मारला आणि हात बादलीत घालून बसली. नईम घाबरला.

"क्या हुआ? जल गया?"

"नाई. बघून राह्यली."

"क्या?"

"शाई."

नुसत्या पाण्यात शिक्का तासभर टिकला. मग तिनं शेजाऱ्याचं फाटकं जाळं आणलं, बाजारातले झिंगे आणले, ओल्या जाळ्यातून झिंगे सोडवत बसली. पाव तासात मनगट धुतल्या तांदळासारखं. नईम म्हणाला, "अब पका भी दे." तिनं शिजवले, पण तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं कचेरीत लिहून पाठवलं की पाण्यात काम करणाऱ्यांसाठी दुसरी खूण ठरवावी. उत्तर आलं नाही. ते येणार नव्हतंच.

पंच्याण्णव साली हुकूम अधिकच कडक झाला. मध्यंतरी सुरतेच्या प्लेगनं सगळे साहेब घाबरलेले होते. दोरी दुहेरी झाली, फाटकावर होमगार्ड बसला. पहिल्याच सकाळी ढिवरटोलीच्या बारा बाया रांगेतून आल्या. पुढे चंदाबाई, तिच्यामागं दामिनी. टेबलासमोर येताच तिनं मनगट उलटं करून पुढे धरलं, आणि मागच्या अकराही जणींनी धरलं.

बाराही मनगटांवर हिरवं गोंदण. गोल, आत दोन आडव्या रेघा, रेघांमध्ये अक्षरांसारखं काहीतरी. सरकारी शिक्काच तो, पण अक्षर न ओळखणाऱ्या हातानं नुसता बघून काढलेला.

खैरुननं विचारलं, "हे काय, चंदाबाई?"

"सूट."

"कोणी दिली?"

"सोमारीनं. गोंदते ना ते? तुमचा शिक्का जाते, तिचा जात नाई." चंदाबाई समजावून सांगू लागली, मास्तर मंद पोराला सांगतो तशी. "मागल्या साली आमी साऱ्याइनं सुई घेतली. मी त दोन घेतल्या. खूण असन त सूट, असं तुमचाच कागद म्हणते. मंग खूण करून घेतली."

होमगार्ड हसायला लागला. खैरुन हसली नाही. "कधी गोंदलं?"

"आठ दिस झाले."

"बाराही जणींचं एकाच सुईनं?"

"तिच्यापाशी सुई एकच हाय."

"उकळली होती?"

"सुई का भात हाय उकळाले?"

खैरुननं दामिनीचं मनगट हातात घेतलं. गोंदणाच्या कडेला पू धरला होता. शहरातल्या प्रशिक्षणात त्या वर्षी एका सुईनं अनेकांना टोचल्यावर काय काय पसरतं ते तास तासभर सांगितलं होतं, आणि इथं सरकारच्या उकळलेल्या सुईला भिऊन बारा जणींनी न उकळलेली घेतली होती. का घेतली? तर एका नर्सनं एका बाईवर विश्वास ठेवला नव्हता म्हणून.

"गोंदण चालणार नाई," ती म्हणाली.

"मंग दंड देऊ?" चंदाबाईनं विचारलं. "दंड देल्ला का मी दोन दिस पडली. जत्रा तीन दिसाची. मोहाखालची जागा आज धरली नाई त तो आलापल्लीचा भजेवाला बसते, आन् एकडाव बसला का उठत नाई. आमच्या बुढीनं धरलेली जागा हाय ते."

खैरुन हुकूम पुन्हा वाचू लागली. वर्षाच्या आत टोचल्याची खूण. वर्षाच्या आत. तिनं होमगार्डला तारीख विचारली. पंधरा फेब्रुवारी. मग तिनं रजिस्टर उलटं चाळलं. रजिस्टर गेल्या सालचंच होतं; अर्धं कोरं उरलेलं रजिस्टर सरकार टाकत नाही. मागच्या जत्रेची पहिली तारीख होती पंचवीस फेब्रुवारी. पौर्णिमा ते पौर्णिमा वर्ष भरलं होतं, पण तारखेनं दहा दिवस बाकी होते. बाराही बाया अजून वर्षाच्या आत होत्या, आणि बाराही नावं तिच्याच अक्षरात समोर होती. खुणेची गरजच नव्हती.

फक्त चंदाबाईचं नाव दोनदा होतं. लागोपाठच्या दोन दिवशी, दोन्हीपुढे खैरुनची सही.

तेवढ्यात डॉक्टरांची जीप आली. रांग थांबलेली पाहून ते चिडलेलेच उतरले. "काय चाललंय? या बायांना टोचा आणि पुढे घ्या."

खैरुनला नाव झाकता आलं असतं. साहेबांचं ऐकून बाराही जणींना टोचलं असतं, तर ते पान कोणी उघडलं नसतं. तिनं रजिस्टर फिरवून डॉक्टरांपुढे ठेवलं.

"यांना सूट आहे, साहेब. दहा दिवस बाकी आहेत."

डॉक्टरांनी बोटावर तारखा मोजल्या. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "ही एकच बाई?"

"एकच."

"दोन दिवसांत दोन? तिनं सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाई."

"मेमो निघेल, समजतं ना?"

"निघू द्या. पण साहेब, पाण्यातल्या कामात शाई जाते. मी करून बघितलं. पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर काऊन नाई आलं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बारा मनगटांकडे. त्यांना काय सुचावं? त्यांनी कारकुनाला बोलावून हुकुमाखाली हातानं एक ओळ लिहायला लावली: गोंदलेली खूण ग्राह्य धरू नये. मग म्हणाले, "सोडा यांना," आणि निघून गेले.

बाया आत गेल्या. भजेवाल्यानं मोहाखाली ताडपत्री पसरली होती, ती चंदाबाईनं दोन्ही हातांनी उचलून गुंडाळली आणि त्याच्याच अंगावर दिली.

दुपारी रांग ओसरली तशी खैरुन टेबलाखाली ठेवलेला जादा स्टोव्ह आणि एक पातेलं घेऊन सोमारीच्या पालाकडे गेली. सोमारी म्हातारी होती आणि हट्टी होती. उकळल्यानं सुईची धार जाते म्हणाली. खैरुननं विचारलं, खरंच जाते का? दोघींनी मिळून उकळून बघितली. गेली नाही. मग तिनं काजळात काय घालतेस, रंग हिरवा का होतो, हेही विचारून घेतलं. तासभर गेला.

येताना ती मोहाखाली थांबली. दामिनीचं मनगट धुऊन मलम लावलं, पट्टी बांधली. चंदाबाई कढईत झिंगे सोडत होती.

"मेमो म्हंजे काय असते, नर्सबाई?"

"चूक केली असं लिहिलेला कागद."

"आन् तो तुमच्यापाशी राह्यते?"

"फायलीत राहतो. नोकरी आहे तोवर."

चंदाबाईनं मनगटावरचा हिरवा गोल निरखला. "मंग दोघीचंबी राह्यलं," ती म्हणाली, आणि पळसाच्या पानावर झिंगे काढून खैरुनपुढे सरकवले. "खा. गरम हाय."