माझ्या मशीनवर तेराचाच पाढा

नाशिकला कॉलेज रोडवर आमचा कॉम्प्युटरचा क्लास होता. एकाच मशीनवर सकाळी एकजण बसायचा, दुपारी दुसरा. सरांनी जावाचा पहिला प्रोग्राम दिला तो पाढा छापण्याचा. पाढा ज्याचा त्याने निवडायचा, प्रोग्रामचं नाव मात्र सगळ्यांनी फळ्यावरचंच उतरवलं.

मी एकोणतीसचा घेतला, कारण तो मला जन्मात पाठ झाला नव्हता. कंपाइल केला, एक चूक निघाली नाही. काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन चालवला, तर आला तेराचा पाढा. पुन्हा कंपाइल केला, पुन्हा तेरा. तीन दिवस हेच चाललं. मशीन बिघडलंय म्हणून मी सरांशी भांडलो.

सरांनी शांतपणे क्लासपाथ उघडला, म्हणजे जावाने प्रोग्राम कुठल्या फोल्डरात शोधायचा त्याची यादी. सकाळी माझ्या जागेवर देवळ्याची एक मुलगी बसायची. तिने तिथे फक्त स्वतःच्या फोल्डरचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता. जावा बिचारं सांगितलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथल्या त्याच नावाच्या प्रोग्राममधून तिचाच पाढा म्हणून दाखवायचं. माझ्या फोल्डरकडे ते फिरकलंच नव्हतं.

सरांनी त्या पत्त्याच्या आधी एक टिंब टाकलं. म्हणाले, “टिंब म्हणजे आपण आत्ता आहोत तो फोल्डर. आधी इथे बघ, हेही त्याला सांगावं लागतं.”

मी ऐटीत कमांड दिली. एकोणतीसचा पाढा आला आणि एकोणतीस नवे दोनशे एकसष्टवरच थांबला. मोजणी कुठवर न्यायची, तेच मी चुकलो होतो.

तिचा तेराचा मात्र तिन्ही दिवस थेट एकशे तीसपर्यंत गेला होता.